अधिक शून्य काढून टाकू नका

आमच्या भाषेला नाव नाही. कंपनीत सगळे तिला ‘रूल्स’ म्हणतात, तेवढ्यावर भागतं. कारखान्यांची पगारपत्रकं काढणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्या पोटात ही भाषा राहते. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय, सणाची उचल, उचलीचे हप्ते, सगळे हिशेब तिच्यात लिहिलेले असतात. लिहिणारे प्रोग्रामर नसतात, अकाउंट्सचे लोक असतात. मी तिचा कंपायलर (लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम) आणि रनटाइम (ते प्रत्यक्ष चालवणारा भाग) सांभाळते. ऑफिस पुण्याला, मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या जुन्या भागातल्या घराच्या वरच्या खोलीत. नातेवाइकांत कुणी विचारलं तर ‘कंप्युटरमध्ये आहे’ म्हणून सुटते, कारण जास्त सांगायला गेलं की समोरचा आपल्या बिघडलेल्या प्रिंटरवर येतो.

टीममध्ये एक नवा मुलगा आलाय. हुशार आहे, हात भराभर चालतो, आणि आपले पॅच (कोडमधले बदल) ताईंकडे अडकून पडतात अशी त्याची तक्रार आहे. मागे एकदा म्हणाला, “ताई, नुसतं ‘अधिक शून्य’ काढलंय. यात तपासायचं काय?” फोनवर उत्तर द्यायला लागले तर ते फार लांबलं. म्हणून इथे लिहिते.

क्ष + ० दिसलं की नुसतं क्ष ठेवायचं, ही सुधारणा कंपायलर लिहायला घेतलेल्या प्रत्येकाला सुचते. यंत्राला द्यायची एक सूचना कमी, एक बेरीज कमी. शाळेच्या गणितात हे बरोबर आहे, यंत्रातल्या पूर्णांकांतही बरोबर आहे. पण आमच्या भाषेत जन्मापासून संख्येचा एकच प्रकार होता: ६४ बिटांचा फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे यंत्रातली अपूर्णांकांची जवळपासची मांडणी. (लुआ या भाषेचंही बरीच वर्षं असंच होतं. २०१५ साली ५.३ आवृत्ती आली तेव्हा तिला वेगळे पूर्णांक मिळाले.) आणि १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे या संख्यांत शून्यं दोन असतात, एक अधिक आणि एक उणे. तुलना केली तर दोन्ही समान निघतात, पण आतले बिट वेगळे. उणे शून्यात अधिक शून्य मिळवलं की उत्तर अधिक शून्य येतं. म्हणजे क्ष + ० हे दर वेळी क्ष नसतंच. उलट क्ष − ० हे मात्र नेहमी क्षच असतं, उणे शून्य धरूनसुद्धा. त्यामुळे जीसीसी आणि क्लँग हे सी भाषेचे मोठे कंपायलर एरवी ही वजाबाकी बिनदिक्कत काढतात आणि बेरीज तशीच ठेवतात. ‘फास्ट मॅथ’ (अचूकतेपेक्षा वेग) मागितलं तरच बेरीजही जाते, कारण ते मागणाऱ्याने शून्याच्या चिन्हावर आधीच पाणी सोडलेलं असतं.

“पण हे कुणाला लागतं?” हा त्याचा पुढचा प्रश्न.

मालनपूरला लागतं. ग्वाल्हेरजवळच्या त्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पगाराचं काम बघणारे एक बाबूजी आहेत. त्यांच्या नियमात कपात अशी लिहिलेली होती: गैरहजर दिवस गुणिले रोजचा दर, आणि सगळ्याच्या पुढे उणे चिन्ह. ज्याची एकही गैरहजेरी नाही त्याचा गुणाकार शून्य, आणि त्या शून्यापुढे उणे लागलं की झालं उणे शून्य. पगाराच्या चिठ्ठीवर छापून येतं ‘-०.००’. कामगाराला त्यातलं फक्त उणे दिसतं. बाबूजींचा फोन आला होता: “मैडम, ये माइनस ज़ीरो क्या होता है? लड़के लड़ने आ जाते हैं।” आमच्या सपोर्टवाल्यांनी पुढच्या आवृत्तीत बघू म्हणून तिकीट ठेवून दिलं. बाबूजींनी वाट बघितली नाही. इकडे तिकडे बदल करत त्यांना सापडलं की ओळीच्या शेवटी ‘+ ०’ लिहिलं की उणे जातं. का जातं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. त्यांनी ते सगळ्या कपातींना लावलं, शेजारच्या कारखान्यांतल्या ओळखीच्यांना सांगितलं, आणि आज आमच्या गिऱ्हाइकांच्या नियमांत जागोजागी तो शेपटीचा ‘+ ०’ दिसतो.

आमच्या मुलाच्या पॅचला हा कचरा वाटला. त्याने आकडेही काढले होते: अशा बेरजा किती ठिकाणी आहेत, आणि सगळ्या काढल्या तर किती सूचना वाचतील. आकडे बरोबर होते. फक्त ज्याला तो कचरा म्हणत होता ती बाबूजींनी आमच्या चुकीवर केलेली दुरुस्ती होती.

(ग्वाल्हेरात राहून शून्याबद्दल एवढं लिहिलं आणि किल्ल्याचं नाव काढलं नाही तर गाववाले हसतील. किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुजाचं छोटंसं, खडकात कोरलेलं मंदिर लागतं. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात बागेच्या जमिनीची लांबी २७० हात अशी कोरलेली आहे आणि देवाला रोज ५० हार द्यायचे आहेत. दोन्ही आकड्यांतली शून्यं आजच्यासारखीच गोल. दोन्ही अधिक, बहुधा.)

पॅच मी फेकला नाही, फिरवला. आम्ही भाषेत ‘रक्कम’ हा नवा प्रकार आणतोय, ज्यात पैसे पूर्णांक म्हणून राहतात, रुपयांत नाही, पैशांत. जिथे कंपायलरला खात्रीने दिसतं की हाती रक्कम आहे, तिथे तो ‘+ ०’ काढतो. जिथे दिसत नाही तिथे ठेवतो. छपाईच्या फंक्शनमध्येही उणे शून्याचं चिन्ह गाळलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. तरी जुन्या नियमांतली बेरीज राहतेच, कारण ती संख्या छपाईखेरीज आणखी कुठे जाते हे आम्हाला दिसत नाही. कुणी तिने भागलं तर एक शून्य अधिक अनंत देतं आणि दुसरं उणे अनंत.

‘रक्कम’ची गरज त्याहून जुनी आहे. फ्लोटिंग पॉइंटमध्ये १.१ ला १०० ने गुणा, ११०.००००००००००००००१ येतं (शेपटीतली शून्यं मोजायला बसू नका, मुद्दा शेवटच्या एकाचा आहे). ईएसआयची कपात नेहमी वरच्या रुपयात न्यायची असते. अशा ११० चा वरचा रुपया १११. एक रुपया जास्त कापला गेला आणि कारण शोधायला कुणाला सांगणार? हेच कंपायलरलाही लागू आहे. ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवलं तर उत्तर ०.६ च्या किंचित वर जातं. ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर ०.६. त्यामुळे बेरजांचा क्रम बदलून स्थिर संख्या आधीच गोळा करून ठेवणं, हे दिसायला निरुपद्रवी काम आमच्याकडे फक्त रकमांवर चालतं. अकाउंटंटने ज्या क्रमाने लिहिलं त्या क्रमाने हिशेब झाला पाहिजे, कारण तो हातातल्या कॅल्क्युलेटरवर त्याच क्रमाने ताळा करून बघणार आहे.

पूर्णांक आले की ओव्हरफ्लो आला, म्हणजे ठरलेल्या बिटांत उत्तर न मावणं. ६४ बिटांत पैसे मोजले तर मालनपूर सोडाच, अख्ख्या देशाचा पगार मावेल, पण नियमात कुणी चुकून मोठ्या दोन रकमांचा गुणाकार केला तर? आमचा रनटाइम सी भाषेत आहे. त्यात आधी बेरीज करून मग ‘उत्तर पहिल्या संख्येपेक्षा लहान झालं का’ असं तपासणारा जुना कोड होता. सी मध्ये चिन्हांकित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो घडूच शकत नाही असं कंपायलरने धरून चालावं, असा करार आहे. म्हणून कंपायलर ती तपासणी निरर्थक ठरवून पुसून टाकू शकतो. जीसीसीच्या बगयादीत २००७ साली यावर मोठं भांडण झालेलं आहे, ३०४७५ या क्रमांकाखाली. वाचायला मजा येते, दोन्ही बाजू बरोबर वाटतात. आम्ही त्या जागी कंपायलरचं स्वतःचं ओव्हरफ्लो सांगणारं बिल्टइन फंक्शन घातलं. वेग घटला नाही. हा विषय इथेच संपतो.

आता तपासायचं कसं. माझे बाबा एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झाले. लष्करातल्या मराठी घरांत फिरलात तर दर दुसऱ्या घरात एजी ऑफिसचा एक पेन्शनर भेटेल. बाबा जीपीएफच्या सेक्शनला होते. सरकारी नोकरांची भविष्यनिधीची खाती, त्यावरचं व्याज, काढलेल्या रकमा, सगळं मोठ्या तक्त्यांवर. त्यांची सवय होती, तक्त्याची उभी बेरीज करायची, आडवी करायची आणि कोपऱ्यात दोन्ही जुळल्याशिवाय सही करायची नाही. एकच बेरीज दोनदा करण्यात अर्थ नाही, म्हणायचे, माणूस तीच चूक दोनदा करतो. आमचं रँडम टेस्टिंग अगदी हेच आहे. बाइटकोडचं (नियम आधी छोट्या सूचनांत उतरवून मग चालवणारं) नवं इंजिन आलं तेव्हा मी जुना, झाडावर रेंगणारा (नियमाची झाडासारखी मांडणी करून फांदी-फांदीने हिशेब करणारा) इंटरप्रिटर काढू दिला नाही. तो हळू आहे, पण त्यात एकही चलाखी नाही. एक प्रोग्राम आपोआप वाटेल ते नियम तयार करतो, तो नियम दोन्ही इंजिनांवर चालवतो, आणि उत्तर बिटागणिक जुळलं नाही तर थांबतो. बाबांना हे दाखवलं तर म्हणाले, “मग जुळलं नाही तर कोण चुकलं हे कसं कळतं?” मी म्हटलं, बाबा, ते मलाच बघावं लागतं. “मग तुझी नोकरी शाबूत आहे.”

ही पद्धत काही माझ्या डोक्यातली नव्हे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या मंडळींनी ‘सीस्मिथ’ नावाचा असाच जनरेटर लिहिला, सी भाषेचे यादृच्छिक प्रोग्राम काढणारा. तीन वर्षांत त्यांनी वेगवेगळ्या सी कंपायलरांमधल्या ३२५ हून अधिक चुका कळवल्या आणि २०११ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट फ्रान्समधल्या कॉम्पसर्टची. तो कंपायलर गणिती सिद्धतेसकट लिहिलेला आहे. इतर कंपायलरांच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे जिथे ऑप्टिमायझेशन (कोड जलद करणं) होतं तिथे, ज्या तऱ्हेच्या चुका सापडत होत्या त्या कॉम्पसर्टमध्ये त्यांना सापडल्या नाहीत. आमच्याकडे सिद्धता लिहायला माणूस नाही. आमच्याकडे रेंगणारा इंटरप्रिटर आहे.

त्याने पकडलेली एक चूक सांगते, कारण ती खरंच सुंदर होती.

आमचं इंजिन वेळ कुठे घालवतं हे मोजलं तेव्हा गणित फार मागे होतं. सगळ्यांत पुढे होतं रकान्याचं नाव शोधणं. ‘मूळ पगार’ हा शब्द नियमात आला की दर कामगारामागे तो रकाना रेकॉर्डमध्ये कुठे आहे ते हॅश टेबलमधून (नावांच्या सूचीतून) नव्याने शोधायचं. सगळ्या कामगारांची रेकॉर्डं एकाच साच्याची (तेच रकाने, त्याच जागी) असतात, तरी दर वेळी शोध. यावरचा उपाय जुना आहे. स्मॉलटॉक या भाषेसाठी डॉइच आणि शिफमन यांनी १९८४ मध्ये मांडलेला इनलाइन कॅश (पैशांचा नव्हे, हाताशी ठेवलेल्या उत्तराचा). सूचनेच्या शेजारीच लिहून ठेवायचं की गेल्या वेळी साचा अमुक होता आणि रकाना तमुक जागी सापडला. पुढच्या वेळी साचा तोच असेल तर थेट त्या जागेवर जायचं. २०२२ च्या पायथन ३.११ मध्ये जी सरासरी सव्वापट गती आली, तिच्यामागेही सूचनांना चालता चालता असं विशेष रूप देणंच मोठ्या प्रमाणात होतं.

मुलाने हा कॅश दोन-तीन दिवसांत लिहिला आणि चांगला लिहिला. ‘साचा तोच आहे का’ हे ओळखायला त्याने साच्याचा मेमरीतला पत्ता वापरला होता. पत्ता जुळला की साचा तोच. सगळ्या टेस्ट हिरव्या. महिन्याची पगारपत्रकं जुन्याशी तंतोतंत जुळली. रँडम टेस्टर रात्रभर चालवला तर एक नियम अडकला: त्यात रेकॉर्डला ‘थकबाकी’ रकाना जोडला जातो, नंतर काढला जातो, मग दुसराच एक रकाना जोडला जातो. रकाना काढल्यावर जुना साचा कुणालाच नको झाला, त्याची मेमरी मोकळी झाली, आणि पुढचा नवा साचा मॅलॉकने (मेमरी वाटणाऱ्या फंक्शनने) नेमका त्याच पत्त्यावर बसवला. कॅशने पत्ता बघितला, जुळला, आणि विश्वासाने चुकीच्या रकान्यातली रक्कम उचलली. महागाई भत्त्याच्या जागी वाहन भत्ता. ना क्रॅश, ना एरर, आकडाही पटण्यासारखा. असली चूक कारखान्यात सापडायला एखादा चिकाटीचा कामगार लागला असता.

दुरुस्ती एका ओळीत सांगता येते: प्रत्येक साच्याला चढता क्रमांक द्या, तो पुन्हा कधी वापरू नका, आणि पत्त्याऐवजी क्रमांक ताडून बघा. मुलाने विचारलं, क्रमांक संपले तर? प्रश्न चांगला होता. सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या मूळ इंटरप्रिटरमध्ये, प्रकारांना असेच ३२ बिटांचे आवृत्ती-क्रमांक असतात आणि ते संपले तर नवीन प्रकारांना क्रमांक देणं बंद होतं. त्यांचा कॅश लागत नाही, काम हळू होतं, पण उत्तर बरोबर येतं. आम्ही ६४ बिट घेतले आणि तरीही तो ‘संपले’चा रस्ता लिहून ठेवला, टेस्टमध्ये मर्यादा मुद्दाम चारवर आणून.

एवढं झाल्यावर मोजमाप. मे महिन्यात ग्वाल्हेरात वेग मोजायचा म्हणजे थट्टा आहे. दुपारी पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर स्वतःच घड्याळ मंद करतो. वीज गेली, चार्जर बंद पडला की पुन्हा वेगळा वेग. सकाळी सहाला बारा टक्के जलद असलेला पॅच दुपारी तीनला संथ निघतो. म्हणून मी सेकंद मोजत नाही. कॅशग्राइंडखाली चालवून किती सूचना चालल्या ते मोजते. एसक्यूलाइट डेटाबेसवालेही बारीक सुधारणांसाठी हेच साधन वापरतात. सूचना मोजणं म्हणजे वेळ मोजणं नव्हे, हे मला कबूल आहे, पण ती संख्या ऊन बघून बदलत नाही. शेवटचा वेळेचा आकडा पुण्याच्या थंड सर्व्हरवर घ्यायचा.

आणि थंड सर्व्हरवरही आकडा फसवतो. २००९ मध्ये मिटकोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की युनिक्समधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांचा (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या माहितीचा, यूझरचं नावही तिच्यात येतं) आकार बदलला, किंवा ऑब्जेक्ट फायली (प्रोग्रामचे तुकडे) लिंक करायचा क्रम बदलला, तरी एकाच प्रोग्रामचा वेग इतका हलतो की ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं हा निकालच उलटतो. स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) कुठून सुरू होतो, कोड कुठल्या पत्त्यावर बसतो, एवढ्यावरून. म्हणजे ज्याच्या यूझरचं नाव लांब आहे त्याचा पॅच संथ ठरू शकतो.

हे सगळं सांगायला निमित्त आणखी एका पॅचचं आहे. मुलाला इंजिनचं मुख्य चक्र ‘टेल कॉल’ पद्धतीने लिहायचंय: मोठ्या स्विचऐवजी (‘अमुक सूचना असेल तर तमुक कर’ अशा एकाच यादीऐवजी) प्रत्येक सूचनेचं एक छोटं फंक्शन, आणि ते संपताना परत न येता थेट पुढच्या सूचनेच्या फंक्शनवर उडी. कल्पना त्याने सीपायथन ३.१४ वरून घेतली. तिथे २०२५ च्या सुरुवातीला सरासरी ९ ते १५ टक्के वाढ जाहीर झाली होती. मग एका बाहेरच्या इंजिनिअरने खोलात जाऊन बघितलं. तुलना ज्याच्याशी केली होती तो जुना इंटरप्रिटर क्लँग १९ ने बांधलेला होता, आणि त्या आवृत्तीत एलएलव्हीएममध्ये, म्हणजे क्लँग ज्याच्यावर उभा आहे त्या भागात, एक बिघाड होता. जुन्या इंटरप्रिटरमध्ये प्रत्येक सूचनेच्या शेवटी आपापली स्वतंत्र उडी असायला हवी, म्हणजे प्रोसेसरला पुढचा अंदाज बांधता येतो. क्लँग १९ त्या सगळ्या उड्या एका ठिकाणी गोळा करून ठेवत होता आणि नव्या मर्यादेमुळे पुन्हा वेगळ्या करत नव्हता. म्हणजे नवं बरंचसं जलद वाटत होतं ते जुनं विनाकारण हळू झाल्यामुळे. खरी वाढ ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास निघाली. ज्याने ते काम केलं होतं त्याने स्वतः जाहीर माफी मागितली, आणि मला विचाराल तर त्याची गरज नव्हती. त्याने मोजलेलं खोटं नव्हतं, फक्त शेजारी काय ठेवून मोजलं ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पॅच मात्र चांगलाच होता, आणि राहिला.

आमच्या मुलाच्या मोजणीत १४ टक्के आले आहेत. मी विचारलं, जुनं कशाने बांधलं होतंस? उत्तर यायला थोडा वेळ लागला. क्लँग १९.

आता तो जीसीसीवर पुन्हा मोजतोय. तिथे दुसरी अडचण आहे. टेल कॉल नक्की होईलच अशी हमी देणारी ‘मस्टटेल’ची खूण जीसीसीत १५ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२५ मध्ये आली. आमच्या गिऱ्हाइकांचे सर्व्हर त्याहून बरेच जुने आहेत. खुणेशिवाय बांधलं आणि कंपायलरने एखादी उडी साधा कॉल म्हणून ठेवली, तर लांब नियमावर स्टॅक भरून इंजिन कोसळेल. म्हणजे दोन चक्रं सांभाळायची, जुन्या कंपायलरला स्विच आणि नव्याला टेल कॉल, आणि दोन्ही रेंगणाऱ्या इंटरप्रिटरशी ताडून बघायची. वाढ पाच टक्के निघाली तर मी नाही म्हणणार आहे. दहाच्या वर गेली तर दोघं मिळून बसू.